हातातल्या बॅगेतली सुरी

"सुरी खालच्या बॅगेत." हे वाक्य मी त्या आठवड्यात इतक्यांदा म्हटलं की माझा मलाच त्याचा वीट आला. खालची बॅग म्हणजे विमानाच्या पोटात जाणारी मोठी, आणि वरची म्हणजे आपल्या हातात राहणारी छोटी. सुरी खाली, टॉर्चची बॅटरी वर. यात न समजण्यासारखं काय आहे, सांगा. पण आमच्या घरात सोपी गोष्ट सोपी राहिली तर घराण्याला बट्टा लागतो.

सुरी कसली ते आधी सांगते, नाहीतर तुम्हीही आमच्या गावासारखं भलतंच समजाल. मी समुद्रात बुडी मारायला शिकवते. पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी, डोळ्यांवर मास्क, आणि घाबरलेल्या माणसाचा हात धरून त्याला खाली मासे दाखवायचे, हा माझा धंदा. शिरूरकडच्या निमोणे गावची, मेंढरांमागं फिरलेल्या घरातली पोर समुद्रात कशी काय गेली, असं लोक विचारतात. विहिरीतून धरणात, धरणातून मालवणला, अशी गेली. मेंढरांमागं फिरलेल्यांना पाय असतात तसे हातही असतात, आणि ते पाण्यात चालतात.

तर पाण्याखाली मासेमारांची तुटलेली जाळी लोंबत असतात. तंगुसाचा, म्हणजे नायलॉनचा, दोरा तर दिसतही नाही, आणि पायाला नाहीतर नळीला गुंतला की जितकं ओढाल तितका आवळतो. तेव्हा कापायला हाताशी काहीतरी लागतंच. माझी सुरी वीतभरसुद्धा नाही. टोक मुद्दाम बोथट ठेवलेलं, कारण घाईत आपलीच नळी भोसकली तर सगळा खेळ खलास. एका बाजूला करवतीसारखे दात, मुठीपाशी दोरा अडकवून कापायची खाच, नारिंगी मूठ, प्लास्टिकचं म्यान. मालवणला ती कायम माझ्या पोटरीला बांधलेली असायची.

मालवणचं बरं होतं. मालवण म्हणजे एसटीचा प्रवास. घरून फोन आला की दुसऱ्या दिवशी दारात. पावसाळ्यात तिकडचं काम बंद, तेव्हा मी घरीच. पण त्या वर्षी अंदमानातून बोलावणं आलं. एका बेटावरचं डायव्हिंग सेंटर, मोठा करार, राहायची सोय, आणि मधे सुट्टी मिळेल की नाही हे तिथं गेल्यावर कळणार. मी हो म्हणून टाकलं आणि मग आप्पांना सांगितलं.

आप्पा म्हणजे माझे वडील. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. मेंढरं विकून बरीच वर्षं झाली, चारदोन शेळ्या, थोडा ऊस आणि कांदा, एवढ्यावर त्यांचं चाललेलं. मी सांगितलं तेव्हा ते खुरपं घासत होते. ऐकलं, मान हलवली, आणि परत खुरपं घासायला लागले. मी म्हटलं, "आप्पा, जाऊ का मग?" तर म्हणाले, "मोटर बंद कर गं, हौद भरला आसंल."

बस. त्यानंतर जायच्या दिवसापर्यंत या विषयावर एक चकार शब्द नाही. जा म्हणाले नाहीत, नको म्हणाले नाहीत, मूग गिळून बसले. माझा जीव टांगणीला. मी गेल्यावर त्या घरात त्यांच्याशी बोलायला शेळ्यांखेरीज कोणी राहणार नाही, हे मला दिसत होतं. त्यांनाही दिसत होतं. त्यांनी एकदा तोंडानं काय ते सांगावं, एवढंच मला हवं होतं. नको म्हटलं असतं तर मी भांडले असते, जा म्हटलं असतं तर निवांत गेले असते. ते सोडून आम्ही बापलेक दिवसभर बोलायचो कशावर, तर बॅगेवर.

"सुरी वर का न्हाई?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

"विमानात हातात धार चालत नाही आप्पा. सुरी, कात्री, ब्लेड, काहीच नाही."

"आन् बॅटरी खाली का न्हाई?"

"पेट घेतला तर खाली विझवायला माणूस नसतो."

"म्हंजी पेटायचं ते माणसाजवळ, आन् कापायचं ते लांब," ते म्हणाले. खरं सांगायचं तर नियम तसाच आहे.

मग त्यांनी आपला नियम सांगितला. लोकर कातरण्यात आप्पांचा हात धरणारा आमच्या भागात कोणी नव्हता. कातरणीच्या दिवसांत लोक त्यांना लांबून बोलवायचे. ते म्हणाले, "बिऱ्हाड घोड्यावर लादायचं, पर कातर कवा लादायची न्हाई. घोडं म्हागं ऱ्हातं, वाट चुकतं. ज्याचं हत्यार त्याच्या अंगावर. तुझं ते विमान खालची बॅग इसरलं मंजी? आन् तू तशीच पाण्यात उतरलीस मंजी?"

मी सांगितलं की विमान घोडं नाही. वर हेही सांगितलं की बॅग हरवली तर सेंटरवर दुसरी सुरी मिळते. पालथ्या घड्यावर पाणी. "दुसऱ्याच्या हत्याराला आपला हात न्हाई ओळखीचा," एवढं बोलून ते उठून गेले.

यात भर म्हणून आतोबा आले. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. सगळी नोकरी मालगाडीवर गार्ड म्हणून गेली, रिटायर होऊन दौंडलाच राहिले. प्रवास या विषयावर जगात आपल्याएवढं कुणाला कळत नाही, अशी त्यांची खात्री आहे. विमानात ते एकदाही बसलेले नाहीत, पण त्यानं काय होतंय. दसऱ्याच्या दिवशीचं तिकीट बघून ते खूश झाले, सीमोल्लंघनाला याच्यापेक्षा चांगला दिवस नाही म्हणाले. मला वाटलं, चला, एक तरी माणूस आपल्या बाजूनं. दहा मिनिटांत कळलं की भीक नको पण कुत्रं आवर.

त्यांनी मोबाईलवर कुणा गोऱ्या माणसाचा व्हिडिओ शोधून आणला होता. तो म्हणे सांगत होता, बोटभर पात्याची, बोथट टोकाची कात्री हातातल्या बॅगेत चालते. "मग? तुझं टोक तर बोथाटच हाय. न्ये की वर," आतोबा म्हणाले. आप्पांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच इतके दिवस खोटं बोलत होते.

मी म्हटलं, आतोबा, तो त्याच्या देशातलं सांगतोय. आपल्याकडं काय चालतं ते आपल्या विमानतळावरचा जवान ठरवतो, आणि त्याला एकदा वाटलं की नाही चालत, म्हणजे नाही चालत. शिवाय माझी कात्री नाही, करवतीचे दात असलेली सुरी आहे. ती बघून कोण म्हणेल या ताई, बसा? तरी त्यांचं समाधान होईना म्हणून विमान कंपनीला फोन लावला. आधी यंत्रातली बाई बराच वेळ एक दाबा, दोन दाबा करत राहिली. मग एका माणसानं उचललं आणि माझं वाक्य पुरं व्हायच्या आत सांगितलं, "मॅडम, शार्प ऑब्जेक्ट चेक-इनमध्येच." स्पीकर चालू होता. दोघांनीही ऐकलं. आतोबा म्हणाले, "त्येला काय कळतंय."

शेवटी अष्टमीला मी बॅग भरली. मास्क आणि तोंडातली नळी वर, कारण ती आदळून चालत नाही. बॅटऱ्या वर. पायातले पंखे, सूट, कपडे आणि सुरी खाली. सुरीला म्यान, म्यानावर जुना टॉवेल, टॉवेलवर चिकटपट्टी, म्हणजे बॅग उघडून तपासणाऱ्याच्या हाताला लागायला नको. असं नीट भरलं आणि मला वाटलं, सुटले बाई.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडं त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं धुऊन पाटावर मांडतात. कोयता, कुऱ्हाड, विळे, खुरपी, पहार, हातोडी, करवत, आणि मधोमध आप्पांची ती जुनी कातर. हळदीकुंकू, झेंडूची फुलं, नारळ. ज्यानं वर्षभर पोट भरलं त्याच्या पाया पडायचं, आणि दसऱ्याला पूजा उतरेपर्यंत त्यातल्या एकालाही हात लावायचा नाही. मी सकाळी अंघोळ करून आले तर कातरीच्या शेजारी माझी सुरी. टॉवेल नाही, चिकटपट्टी नाही, पात्यावर हळदीकुंकवाची बोटं.

"आप्पा, ही बॅगेत होती."

"व्हय. काढली. तुझं पोट हिच्यावर हाय का न्हाई?"

राग तर इतका आला होता की कान तापले. आणि खरं सांगते, आप्पांच्या कातरीशेजारी ती नारिंगी मूठ बघून बरंही वाटलं. या माणसानं माझ्या कामाला कधी काम म्हटलं नव्हतं. मी पाया पडले आणि म्हटलं, ठीक आहे, पण उद्या निघायच्या आधी ती परत खालच्या बॅगेत. "जाईल की," आप्पा म्हणाले.

संध्याकाळी मी शेळ्यांना पाला टाकायला गेले तेवढ्यात आतोबांनी आपला डाव साधला. ते सकाळी पूजेला परत आले होते ते रेल्वेतली साखळी आणि कुलूप घेऊनच. प्रवासात सामान साखळीनं बाकाला बांधायचं, हा त्यांचा धर्म. विमानात बॅग बांधायला बाक नसतो, हे मी सकाळीच पटवलं होतं, म्हणून साखळी त्यांनी पिशवीत परत टाकली. कुलूप मात्र मोठ्या बॅगेच्या दोन्ही चेनींमधून घालून लावलं. भरीव पितळी कुलूप, नारळाच्या करवंटीएवढं. आणि दौंडची गाडी गाठायची म्हणून मी परत यायच्या आत गेलेसुद्धा.

दसऱ्याच्या सकाळी मी सुरी टाकायला बॅगेशी गेले तर हे कुलूप. किल्ली कुठं आहे म्हणून आतोबांना फोन लावला. "किल्ली माझ्याच खिशात हाय की," ते शांतपणे म्हणाले. "काळजी करू नकोस. एकदम शेफ हाय."

मी कपाळावर हात मारून घेतला. दौंडला किल्ली, निमोण्यात कुलूप आणि मधे अख्खा रस्ता. म्हटलं, तोडू. तोडायला हातोडी पाहिजे. हातोडी कुठं, तर पूजेत. करवत कुठं, तर पूजेत. पहार पूजेत. घरातलं सगळं लोखंड हळदीकुंकू लावून पाटावर बसलेलं, आणि पूजा उतरायची ती संध्याकाळी सोनं लुटून आल्यावर. आप्पांना म्हटलं, एक हातोडी द्या, देव काही म्हणत नाही. ते पाटापुढं आडवे उभे राहिले. मग मी अंगणातला दगड घेऊन दोनदा हाणला. कुलपाला ओरखडा नाही, बॅगेची चेन तेवढी वाकडी झाली. दारात गाडी हॉर्न द्यायला लागली.

गाडी चाचांची. चाचा म्हणजे गावातले आमचे मुसलमान शेजारी, आप्पांचे लहानपणापासूनचे मित्र. लग्नाच्या वऱ्हाडापासून दवाखान्यापर्यंत सगळ्याला त्यांचीच गाडी. ते खिडकीतून म्हणाले, "वाघोलीत अडकलो तर विमान काय आपल्यासाठी थांबनार न्हाई, पोरी." मी दगड टाकला. "आप्पा, राहू दे सुरी घरीच. तिथं मिळेल मला." आणि बॅग डिकीत घालायला वळले. मागं आप्पा काय करत होते ते मी बघितलं नाही. बघायला पाहिजे होतं असं आता वाटतं, पण त्या वेळी कुणाचं तोंडही बघायची इच्छा नव्हती.

वाटेत मी बडबडत होते, चाचा अधूनमधून "व्हय व्हय" करत होते, आप्पा पुढच्या सीटवर गप्प. शिरूर गेलं, रांजणगाव गेलं, शिक्रापूर गेलं. मधे एकदा मी मुद्दाम विचारलं, "आप्पा, रात्री जेवण कोण करून देणार तुम्हाला?" ते म्हणाले, "गॅस हाय की." दुसऱ्यांदा विचारलं, "फोन लावला तर उचलाल ना?" म्हणाले, "चार्जिंग आसलं तर." मग वाघोलीत लागलेल्या रांगेतल्या गाड्या मी मोजत बसले. भिंतीशी बोललं तरी थोडा आवाज परत येतो.

विमानतळावर पोचलो तेव्हा फार वेळ उरला नव्हता. आत फक्त तिकीटवाल्यांना सोडतात. मी आप्पांच्या पाया पडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ, आणि म्हणाले, "डबा खा." झालं. एवढ्या लांब जाणाऱ्या पोरीला एवढंच. मला असं वाटलं की त्यांचे खांदे धरून हलवावं. पण मागं रांग होती.

मोठी बॅग काउंटरवर दिली. तिथल्या मुलीनं कुलपाकडं बघून भुवया वर केल्या आणि तपासायला गरज पडली तर तोडू म्हणून सांगितलं. मी म्हटलं, तोडाच. मग सुरक्षा तपासणीच्या रांगेत उभी राहिले. छोटी बॅग पट्ट्यावरून आत गेली आणि बाहेर यायच्या ऐवजी बाजूच्या पट्ट्यावर वळली. मला वाटलं बॅटऱ्या असतील. वर्दीतल्या बाईनं विचारलं, "मैडम, डिब्बे में क्या है?"

"रोटी है," मी म्हटलं. आप्पांनी सकाळी स्वतः दशम्या भाजून डबा भरला होता.

"खोलिए."

मी उघडला. वर दशम्या, खाली चटणीची पुडी, आणि त्याखाली आप्पांच्या जुन्या धोतराच्या फडक्यात नीट गुंडाळलेली माझी सुरी. म्यानासकट. हळदीकुंकू तसंच, वर झेंडूच्या दोन पाकळ्या. ज्या पूजेतून एका हातोडीला उठायची परवानगी नव्हती, त्या पूजेतून ही बया उठून डब्यात येऊन बसली होती.

माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला म्हणता. आठवडाभर मी दुसरं काही बोलले होते का? फोनवरच्या माणसाचा आवाज त्यांनी आपल्या कानांनी ऐकला होता. आणि तरी चटणीखाली लपवून दिली, जसं काही तो डबा यंत्राला दिसत नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगणार कुणाला. त्या बाईला मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं की मी पाण्याखाली काम करते, दोरा कापायला ही लागते, मला माहीत नव्हतं, माझ्या वडिलांनी टाकली. ती बाई सुरीकडं हात न्यायला गेली आणि कुंकू बघून थांबली.

"पूजा की है?"

"कल. आज दशहरा है ना."

"हमने भी की है आज सुबह," ती म्हणाली, आणि तिचा आवाज जरा खाली आला. शेजारी काचेची पेटी होती. त्यात लोकांकडून काढून घेतलेले लायटर, कात्र्या आणि नेलकटर पडलेले. तिनं पेटीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "साथ में नहीं जाएगा. इसमें डालो, या कोई छोड़ने आया है तो बाहर देके आओ. टाइम कम है."

मी आधी काउंटरवर पळाले. सामान घेणं बंद झालं होतं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, बाहेर कुणाला द्यायची तर आत्ताच द्या, मी बाहेरपर्यंत येते, पण मग परत सगळी तपासणी. शहाण्या माणसानं ती सुरी पेटीत टाकली असती. दुकानात मिळते तशी सुरी, त्यात काय. पण आप्पांनी हळदीकुंकू लावलेली वस्तू मला त्या लायटरांमध्ये टाकवेना. चाचांना फोन लावला. "तुम्ही निघालात का?"

"कुठलं निघतोय," चाचा म्हणाले. "पोलीस गाडी लावून देईनात म्हनून मी तिकडं कडंला आलोय. तुझा बाप त्या कठड्यापाशी उभा हाय. म्हनतो इमान उडू दे मग जाऊ. आता इमानं तर धा उडाली, त्येला काय कळनार कुठलं तुझं."

मी छोटी बॅग खांद्याला लावून, सुरी फडक्यात धरून, त्या मुलीच्या मागं मागं उलट्या दिशेनं निघाले. बाहेर पडेपर्यंत आप्पांना काय काय बोलायचं ते सगळं मी मनात मांडून ठेवलं होतं. मी सांगितलं होतं की नव्हतं. तुम्ही कुणाचं ऐकता का कधी. लोकांपुढं माझी शोभा केलीत.

दाराबाहेर आले तर आप्पा कठड्याला दोन्ही हात लावून उभे. टोपी नीट बसवलेली, दसऱ्याचा पांढरा सदरा. त्यांनी मला बघितलं. आधी खरंच वाटलं नाही असे बघत राहिले, आणि मग त्यांचा चेहरा असा खुलला की माझी सगळी भाषणं तोंडातच राहिली. आई गेल्यापासून तो चेहरा मी बघितला नव्हता. ते जवळजवळ पळतच आले. काय झालं, का आलीस, काही विचारलं नाही. माझ्या खांद्यावरची बॅग काढली, आपल्या खांद्याला लावली आणि चाचांच्या गाडीच्या दिशेनं चालायला लागले.

आणि बोलायला लागले. इतके दिवस ज्या माणसाच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे माझ्या नाकी नऊ यायचे, तो माणूस न थांबता बोलत होता. "बरं झालं. आता आलीच हायस तर कांद्याचं रोप टाकून घिऊ या आठवड्यात. मी म्हनत हुतो एकट्याच्यानं हुनार न्हाई. आन् त्या कोपऱ्यावरल्या खोलीचा पत्रा बदलू, तुला तिथं लाईट नीट येत न्हाई. ती काळी शेळी आता येईल जनायला, तिचं तूच बघ बाबा, माझ्याच्यानं रात्रीचं उठवत न्हाई. चल, चाचा तिकडं हाय, शिक्रापुरात च्या घिऊ." मागं वळूनही बघत नव्हते. मी मागं आहेच, असं धरूनच चालले होते.

मी हातात ती सुरी घेऊन तिथंच उभी. मला रडू येत होतं आणि रागही तेवढाच येत होता. हेच, हेच एक वाक्य खुरपं घासताना म्हणाला असतात, एकट्याच्यानं होणार नाही, तर काय बिघडलं असतं? मी थांबले असते का, मला माहीत नाही. कदाचित तरीही गेले असते. पण मग जाताना मला खरं काय ते ठाऊक असतं. विमान कंपनीची मुलगी घड्याळाकडं बघत दारात थांबली होती.

"आप्पा," मी हाक मारली.

ते चालतच होते. पत्र्याला किती लागतील याचा हिशोब चालला होता.

"आप्पा, बॅग द्या."

ते थांबले. वळले. माझ्या मागं दारात उभ्या असलेल्या त्या मुलीकडं बघितलं, मग माझ्या हातातल्या फडक्याकडं. काय समजायचं ते त्यांना समजलं. चेहरा हळूहळू परत पहिल्यासारखा झाला, आणि ते बघणं सगळ्यात वाईट होतं. खांद्यावरून पट्टा काढायला गेले तर तो सदऱ्याच्या बाहीत अडकला. मी पुढं होऊन सोडवला. सुरी त्यांच्या हातात दिली.

"मला वाटलं," ते म्हणाले.

"माहितीये," मी म्हटलं, आणि बॅग घेऊन परत आत गेले.